परदेशी मालाचं वजन ऑर्डरमध्येच लिहा

स्वतःच्या ब्रँडचा माल परदेशातून बनवून घेताना नमुना एक नंबर येतो आणि पुढचा लॉट मात्र पातळ, हलका निघतो. यावर सोपा उपाय म्हणजे वजन.

1. नमुना एकच नको, तीन मागवा. जळगावात असाल तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून घ्या, अगदी मिलिग्रॅमपर्यंत कळतं. सिलिकॉनच्या झाकणाची जाडी जराशी जरी कमी केली तरी वजन लगेच घटतं, डोळ्यांना मात्र काही दिसत नाही.

2. पसंत पडलेल्या नमुन्यांवर पक्क्या मार्करने सही आणि तारीख टाका. एक तुमच्याकडे, एक कारखान्याकडे, तिसरा तिथे माल तपासणाऱ्याकडे.

3. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा: "प्रत्येक नग 86 ग्रॅम, फरक 3 टक्क्यांपर्यंत चालेल." 30 टक्के आगाऊ द्या, उरलेले 70 टक्के तपासणी झाल्यावर, माल जहाजात चढण्याआधी. ही अट घालायला बिलकूल संकोचू नका. चांगला कारखानदार त्यावर नाराज होत नाही.

4. आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी असलेलं लेबल तिथेच लावून घ्या. लेबल नसल्याने न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकला की भाडं चढत जातं.

खेळणी किंवा थर्मासच्या बाटल्या घ्यायच्या असतील तर कारखान्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना आहे का, ते आधी बघा. नसेल तर नमुना कितीही आवडला तरी पैसे पाठवू नका.