प्लाय ठेवताना अन् उचलताना या चुका टाळा, मग कंपनीला शिव्या घाला

कपाटाच्या पल्ल्याला (दाराला) बाक आला की मिस्त्री लगेच म्हणतो, माल डुप्लिकेट आहे. असतोही कधी कधी. पण बऱ्याचदा शीट चांगलीच आलेली असते अन् बिघडते ती आपल्याच शेडमध्ये. कारण साधं आहे, शीटच्या एका बाजूला एक हवा अन् दुसऱ्या बाजूला दुसरी. जी बाजू ओल पिते ती फुगते, जी सुकते ती आकसते, आणि शीट सुकलेल्या बाजूकडे वळते. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

आता आपल्या विदर्भातली खास चूक सांगतो, कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या शेडमध्ये कूलरशिवाय काम होतच नाही, त्याला कोणी नाही म्हणत नाही, माणूस आधी जगला पाहिजे. पण कूलरचं तोंड नेमकं प्लायच्या गठ्ठ्याकडे असते. मागं पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापलेली, समोरून दिवसभर ओली हवा, मंग ती शीट सरळ राहीलच काहून? पहिली शीट गठ्ठ्याची ढाल बनते आणि तीच सगळ्यात आधी वाकते. कूलर कामाच्या टेबलाकडे फिरवा, गठ्ठा भिंतीपासून अर्धा फूट सुटा ठेवा, आणि सगळ्यात वरची किंवा समोरची शीट म्हणून एखादी भंगार शीट कायमची लावून टाका, काय व्हायचं ते तिचं होऊ द्या.

आडवा गठ्ठा मारताना लोक चार विटा शोधतात, चार कोपऱ्यांना एकेक, झालं. मधातून शीट लोंबते, वर अजून वीस शीटचं वजन, आणि तो बाक कायमचा बसतो. खाली एकाच जाडीच्या रिपा (लाकडी पट्ट्या) पाहिजे, दर दोन फुटाला एक, म्हणजे ८ बाय ४ च्या शीटला पाच रिपा, त्याही एका लेव्हलमध्ये. कोबा उंचसखल असेल तर आधी दोरी लावून लेव्हल काढा, जिथं कमी पडते तिथं पट्टी घाला. जमिनीपासून चार इंच तरी उंच ठेवा, म्हणजे झाडूही जातो आणि उधई (वाळवी) वर चढू लागली तर तिची मातीची नळी दिसते तरी. गठ्ठा थेट जमिनीवर असला तर ती आतून खात जाते अन् आपल्याला शेवटची शीट उचलेपर्यंत पत्ता नसतो. ४ अन् ६ एमएमच्या पातळ शीट उभ्या ठेवूच नका, त्या १८ एमएमच्या गठ्ठ्यावर आडव्या टाका.

‘वॉटरप्रूफ आहे ना, राहू दे बाहेर’ हे वाक्य तर रोजचं. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचा गोंद ७२ तास उकळून तपासतात हे खरं, पण तपासतात तो गोंद, लाकूड पाणी पिणारच. आणि आयएस ३०३ चा एमआर ग्रेड म्हणजे दमटपणा सहन करणारा, पावसात भिजवायचा नाही. मृगाच्या आधी वावधन सुटते, दोन टिनं उडतात, तेव्हा धावपळ करून काही फायदा नाही, गठ्ठा शटरपासून आणि गळक्या टिनाखालून मे मध्येच हलवा. ताडपत्री फक्त वरून टाका, चारही बाजूंनी आवळून बांधली तर आत घाम धरते आणि बुरशी येते. कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पाणी ओढतात, उरलेले तुकडे बरेच दिवस ठेवायचे असतील तर कडेला प्रायमरचा हात मारा.

उभं ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण इथं माल नाही, माणूस जातो. १८ एमएमची एक शीट ३०-३५ किलोची असते. दहा शीट म्हणजे तीन क्विंटलच्या वर. मागची शीट काढायची म्हणून पोट्टा समोरच्या दहा शीट स्वतःच्या छातीवर झुकवतो आणि एका हातानं मागची ओढतो, हे दृश्य जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसते. तोल गेला की तो गठ्ठा कोणाच्या बापाला थांबत नाही. पाइपचे खण करून घ्या, एका खणात पाच-सहापेक्षा जास्त शीट नको, जाडीप्रमाणे वेगळे. गावातला वेल्डर एका दिवसात करून देतो. शीट लांब कडेवर, जवळजवळ सरळ उभी ठेवा, जास्त तिरपी टेकवली की पोट काढते.

एकट्यानं न्यायची असेल तर १७-१८ फूट दोरीची गाठ मारून मोठा फास करा, दोन खालच्या कोपऱ्यांत अडकवा आणि मधातून हातात धरा, शीट काखेत येते, कोपरा घासत नाही. दोघं असाल तर एकाच बाजूनं चाला. आणि वारा असेल त्या दिवशी एकट्यानं उघड्यावर शीट धरायचीच नाही.

छोट्या हत्तीत माल आणताना शीट मागं बाहेर लोंबतात, खड्ड्यात आदळून कोपरे फुटतात. खाली लांब रिपा द्या, दोरीखाली पुठ्ठा घाला नाहीतर दोरी कड कापते, आणि मागं लाल कापड बांधा.

आता बिघडलीच तर. वाकलेली शीट उन्हात टाकू नका, आपल्या उन्हात ती दुसरीकडे वळून बसते. फुगीर बाजू वर करून सपाट रिपांवर ठेवा, वर चांगल्या शीटचं वजन द्या, दोन-तीन आठवडे थांबा. थोडा बाक जातो. नाही गेला तर उंच पल्ल्याला वापरू नका, लहान कप्प्यात कापून टाका, तिथं चारही बाजूंनी स्क्रू बसतात म्हणून ती सरळ राहते. कड फुगली असेल तर तेवढी दोन इंच पट्टी कापून मोकळे व्हा. मधात बोटानं ठोकून पोकळ आवाज आला तर ती शीट वापरू नका, बिल असेल तर परत करा. आणि गठ्ठ्याखाली बारीक भुकटी अन् शीटला टाचणीएवढी भोकं दिसली, म्हणजे कीड लागली, तर ती शीट त्याच दिवशी शेडबाहेर, बाजूच्या दोन्ही शीट उलटून बघा.