स्विचवरची फिल्म: मधल्या पायऱ्या कशा लावायच्या

काचेवर चिकटवायची, बटण दाबलं की दुधीची स्वच्छ होणारी फिल्म मागायला गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, तुम्हाला नजर अडवायची आहे की ऊन? बहुतेकांना दोन्ही एकच वाटतं. बाजारात स्विचवर चालणारी म्हणून जी फिल्म मिळते ती पीडीएलसी (पॉलिमर-डिस्पर्स्ड लिक्विड क्रिस्टल) जातीची. ती नजर अडवते, ऊन फारसं अडवत नाही. लोकमान्य नगरातल्या एका काकूंना मे महिन्यात दुपारी खोलीत अंधार हवा होता, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला ती लावायची होती. मी म्हटलं, काकू, जाड पडदा घ्या. धंदा गेला, पण पुढच्या उन्हाळ्यात शिव्या खाण्यापेक्षा बरं.

आत काय असतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. दोन प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांना आतून वीजवाहक पारदर्शक लेप असतो, इंडियम टिन ऑक्साइडचा. मधे पॉलिमर, आणि पॉलिमरमध्ये लिक्विड क्रिस्टलचे बारीक थेंब. वीज नसली की प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला तोंड करून असतात, उजेड थेंबाथेंबावर विखुरतो आणि काच दुधी दिसते. एसी दाब (व्होल्टेज) दिला की रेणू एका रांगेत येतात, थेंबाचा आणि पॉलिमरचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं प्रमाण, जुळतो आणि पलीकडचं दिसायला लागतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत जेम्स फर्गसन आणि केंट स्टेट विद्यापीठातले विल्यम डोन यांच्या कामातून ही जात पुढे आली. मुद्दा असा की उजेड गिळला जात नाही, पसरतो. पसरलेल्यातला बराचसा शेवटी खोलीतच येतो.

खात्री करायची तर मोबाइलमध्ये लक्समीटरचं ॲप टाका. फिल्मचा नमुना खिडकीच्या उजेडात धरा, फोनचा सेन्सर फिल्मला अगदी टेकवा आणि चालू-बंद करून आकडा बघा. फरक अगदी बेताचा दिसेल. मग संध्याकाळी एक टॉर्च लांब ठेवा, मधे फिल्म, आणि फोन फिल्मपासून हातभर मागे. आता फिल्म बंद केल्यावर आकडा धाडकन पडतो, कारण सरळ येणारा किरण विखुरला. मधल्या पायऱ्या, म्हणजे काच अर्धवट दुधी ठेवणं, लावताना हे दुसरं मापच कामाचं.

आता वीज. या फिल्म साधारण ४८ ते ६५ व्होल्ट एसीवर चालतात. पाकिटावर लिहिलेला आकडाच धरायचा. डीसी कधीही नाही. डीसीने आतले आयन एका बाजूला सरकतात आणि फिल्म पिवळी पडून मरते. वारंवारता ५० हर्ट्झ ठीक. फार खाली गेलं की काच लुकलुकते. विजेच्या दृष्टीने ही फिल्म म्हणजे मोठा कपॅसिटर. चौरस मीटरला चार-पाच मायक्रोफॅरडच्या आसपास धरलं तर ६० व्होल्टला ऐंशीएक मिलीअँपिअर करंट जातो, म्हणजे पाचएक व्हीए (व्होल्ट-अँपिअर). मी दुप्पट धरून ट्रान्सफॉर्मर घेतो. इंदूरमध्ये महाराणी रोडवर वाइंडिंगवाला हवा तसा बांधून देतो. फक्त प्रायमरी (मेनकडची गुंडाळी) आणि सेकंडरी (फिल्मकडची) वेगळी आहेत ना, हे विचारून घ्या. सेकंडरीला छोटा फ्यूज हवाच. ६० व्होल्टचाही झटका बसतो, तेव्हा २३० व्होल्टची बाजू परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

मधली पायरी म्हणजे दाब कमी-जास्त करणं. लोक पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, मेनच्या बाजूला लावतात. करू नका. तो बहुधा विजेच्या लाटेचा तुकडा कापून देतो, आणि कपॅसिटरवर अशी कापलेली लाट गेली की करंटचे काटे उठतात, ट्रान्सफॉर्मर घोंगावतो आणि फिल्मच्या कडेला वायर जोडायची जी तांब्याची पट्टी असते तिच्याजवळ लेप जळायची पाळी येते. साधा मल्टिमीटरही अशा लाटेवर खोटं बोलतो. हवा तो डिमरस्टॅट, म्हणजे चकती फिरवून व्होल्ट कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर. डिमरस्टॅटमधून ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, सेकंडरीतून फिल्म, हा क्रम. डिमरस्टॅट थेट फिल्मला नाही, कारण त्यात मेनची लाइन वेगळी झालेली नसते. त्याची चकती बहुतेक २७० व्होल्टपर्यंत फिरते, म्हणून २३० वर अडसर बसवा. पूर्ण दाबाच्या वर काच अधिक स्वच्छ होत नाही, आयुष्य मात्र घटतं.

आता हळूहळू चढवा. पहिले काही व्होल्ट काहीच होत नाही. मग वीस-तीसच्या दरम्यान आकृत्या उमटायला लागतात, त्यानंतर थोड्याशा फिरवण्यात खूप फरक पडतो आणि वर जाऊन बदल थंडावतो. म्हणजे तुमचा सगळा खेळ मधल्या अरुंद पट्ट्यात आहे. तिथे आणखी एक गंमत: वरून खाली येताना त्याच व्होल्टला काच जास्त स्वच्छ दिसते, खालून वर जाताना कमी. त्यामुळे पायरी लावायची तर नेहमी बंद करून खालून वर या. आज ठरवलेली खूण उद्या जुळत नाही म्हणून फिल्मला दोष देणारे बहुधा वरून खाली आलेले असतात.

रोजच्या वापराला डिमरस्टॅट अवजड पडतो. तेव्हा वाइंडिंगवाल्याकडून सेकंडरीला दोन-तीन टॅप (गुंडाळीतून मधेच बाहेर आणलेल्या तारा) काढून घ्यायचे आणि फिरता स्विच लावायचा. कुठल्या व्होल्टला टॅप, ते आधी डिमरस्टॅटवर तुमच्याच फिल्मला मापून ठरवा. स्विच एक टॅप सोडून मगच दुसऱ्याला टेकणारा हवा, नाहीतर क्षणभर वाइंडिंग शॉर्ट होते. माझं मत विचाराल तर मोठ्या काचेला मधली पायरी देऊच नये. फिल्मची जाडी सगळीकडे अगदी सारखी नसते, पूर्ण चालू-बंदमध्ये ते कळत नाही, मधे मात्र ढगांसारखे डाग दिसतात. वेगवेगळ्या रोलचे दोन तुकडे शेजारी असतील तर मग बघायलाच नको. दवाखान्याच्या दाराच्या छोट्या काचेला मधली पायरी छान जमते: आत कोणी आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही.

बसवताना फिल्म काचेच्या आतल्या बाजूला. गोंदवाली असेल तर साबणाचं पाणी न वापरता कोरडीच चिकटवा, कारण कडेतून ओल शिरली की तिथून पांढुरकी पट्टी आत सरकते. कापायची तर नवी पात आणि एकाच ओढीत, नाहीतर दोन्ही बाजूंचे लेप एकमेकांना टेकतात. फ्रेमपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवा. कडा बंद करायला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा नको. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा की चालू असतानाही तिरकं बघितलं तर थोडं धुकं दिसणारच.

खरंच ऊन कमी करायचं असेल तर जात वेगळी. एसपीडी (सस्पेंडेड पार्टिकल डिव्हाइस) फिल्ममध्ये तरंगते गडद कण असतात. वीज नसताना ते उजेड गिळतात, वीज दिली की रांगेत येऊन वाट देतात. इलेक्ट्रोक्रोमिक, म्हणजे विजेने रंग बदलणाऱ्या, काचेत टंगस्टन ऑक्साइडचा थर काही व्होल्ट डीसीवर निळा होतो आणि वीज काढली तरी बराच वेळ तसाच राहतो, संशोधक एस. के. देब यांनी १९६९ मध्ये हा परिणाम दाखवला. बोइंग ७८७ च्या खिडक्या बटणावर हळूहळू गडद होतात त्या इलेक्ट्रोक्रोमिक. दोन्हींची किंमत ऐकली की काकू पडद्याच्या दुकानात जातात.

लाइट गेली की साधी पीडीएलसी दुधी होते, म्हणजे बाथरूमला चिंता नाही. पण दवाखान्यात काच स्वच्छच राहायला हवी असेल तर तिचा ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे मेनसारखी गुळगुळीत लाट देणारा.