घरच्या रुग्णाला न्यूमोनिया झालाय का? आधी श्वास मोजा

न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू-पाणी साचतं आणि रक्ताला प्राणवायू कमी पडतो. घरी-कामावर वावरताना तो होतो तेव्हा कारण बहुधा न्यूमोकोकस हा जीवाणू किंवा फ्लूसारखा विषाणू असतो. बेडका पिवळा की हिरवा, यावरून जंतू ओळखता येत नाही. ताप, खोकला, दम लागणं आणि खोल श्वास घेताना छातीत एका बाजूला कळ, ही नेहमीची लक्षणं. म्हातारपणी मात्र ताप नसतोही. माणूस नुसताच असंबद्ध बोलू लागतो, जेवण टाकतो.

आजार किती गंभीर आहे हे तापापेक्षा श्वासावरून जास्त कळतं. रुग्ण दहा मिनिटं शांत पडल्यावर नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि छाती-पोटाची हालचाल मोजा. मोजतोय हे कळलं की श्वासाची लय बदलते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास ठीक. ३० किंवा जास्त असतील, नव्यानं भ्रम झाला असेल, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० वर वा त्याहून खाली आला असेल, तर यातलं एकही कारण पुरे: थेट रुग्णालय गाठा. वय ६५ च्या पुढे असेल तर धोका आणखी वाढतो. लहान मुलांचे आकडे वेगळे: २ ते ११ महिन्यांच्या बाळाला ५०, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० श्वास म्हणजे धाप.

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, गार बोटं चोळून ऊबदार करा. प्राणवायूचा आकडा ९२ टक्क्यांच्या खाली स्थिरावला तर वाट पाहू नका.

पहिल्या दिवशीचा एक्स-रे कधी कधी स्वच्छ येतो, म्हणून लक्षणं असतील तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ॲन्टिबायोटिक डॉक्टरांनी लिहिलेलंच घ्या, ठरलेल्या वेळेला. घरात उरलेल्या गोळ्या सुरू केल्या तर काही औषधांमुळे क्षयरोगाचं निदान लांबतं. ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही तर पुन्हा दाखवा: जंतू औषधाला दाद देत नसेल, किंवा फुप्फुसाबाहेर पू साचला असेल.

खोकला सहा आठवडे, थकवा तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. तेवढ्यासाठी गोळ्या वाढवून मागू नका. पन्नाशीपुढच्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी मात्र सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढून घ्यावाच, कारण न्यूमोनियाच्या डागाआड गाठ लपलेली असू शकते.