सोलरचं अनुदान आणि आयकरातला घसारा: या चुका टाळा

अनुदान आणि आयकराचा फायदा यांच्या वाटा वेगळ्या आहेत. घराच्या छतावरच्या सोलरसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त घरगुती वीजजोडणीला मिळतं: १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,०००. दालमिल, पिठाची चक्की, कृषी केंद्र यांना हे अनुदान नाही. त्यांच्यासाठी घसारा आहे, म्हणजे यंत्रणेची किंमत दरवर्षी थोडीथोडी खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येते. घराच्या ओट्यावरच्या दुकानाचं मीटर व्यावसायिक असेल, तर त्या मीटरवर अर्ज करून काही उपयोग नाही.

घरगुती अर्ज बहुतेकदा अडतो तो नावापाशी. आपल्याकडे लाईट बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावानं येतं आणि अर्ज नातू भरतो. आधी महावितरणकडे बिलावरचं नाव बदलून घ्या, मगच योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करा. बँक खातंही त्याच नावाचं हवं. पैसे यंत्रणा चालू होऊन तपासणी झाल्यावर येतात, म्हणून सुरुवातीचा खर्च आपल्यालाच उभा करावा लागतो.

दुसरी चूक महागात पडते. अनुदानासाठी पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचंच लागतं. पॅनल गाडीतून उतरताच उलटं करून मागचं लेबल वाचा, सिरियल नंबरचे फोटो काढा आणि डीसीआर प्रमाणपत्राशी ताडून पाहा. एकदा का टिनावर नटबोल्ट आवळले, की ते लेबल दिसत नाही.

आता धंद्याचं. सोलरवर घसारा ४० टक्के आहे, पण तो नफ्यातून वजा होतो, करातून नाही. ५ लाखांच्या यंत्रणेवर पहिल्या वर्षी २ लाख घसारा. ३० टक्के दरात बसणाऱ्याचा कर साधारण ६०,००० नं कमी होतो. पुढच्या वर्षी ४० टक्के उरलेल्या ३ लाखांवर, म्हणजे १ लाख २० हजार. "सोलर दोन वर्षांत करातूनच फिटतं" असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून हा हिशेब कागदावर मांडून घ्या.

तारीखही सांभाळा. आर्थिक वर्षात यंत्रणा १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षी दर निम्मा, २० टक्के. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरनंतर चालू केलेल्याला पहिल्या वर्षी अर्धाच फायदा. मार्चअखेरीस नुसतं बिल फाडून ठेवलं आणि यंत्रणा चालूच झाली नाही, तर त्या वर्षी घसारा शून्य. चालू केल्याचा कागद फाईलला लावा.

जे दुकानदार उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवून रिटर्न भरतात, त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही; तो त्या टक्क्यांतच धरलेला असतो. खरेदीआधीच सीएला विचारून घ्या. आणि बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे तो जीएसटी आपल्या देण्यातून वजा करून घेतला असेल, तर तेवढी रक्कम वगळूनच घसारा काढा.