ट्रिब्यूट कार्यक्रमाचे तिकीट काढण्यापूर्वी

माझ्या आवडत्या गायिकेच्या गाण्यांना वाहिलेल्या एका ट्रिब्यूट कार्यक्रमाला मी मोठ्या आशेने गेलो होतो. जाहिरातीत बारा वादकांचा वाद्यवृंद छापला होता. पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर चार वादक आणि एक लॅपटॉप होता. तिसऱ्या गाण्यात, दोन कडव्यांमधल्या संगीतात, कीबोर्डवादकाने दोन्ही हात उचलून पाण्याची बाटली उघडली आणि व्हायोलिन मात्र लॅपटॉपवरून तशीच वाजत राहिली. ते गाणे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते दृश्य मनाला फार लागले. अशी निराशा बऱ्याचदा तिकीट काढण्यापूर्वीच टाळता येते.

सुरुवात जाहिरातीपासून करावी. मूळ कलाकाराचे छायाचित्र भले मोठे आणि प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावे कोपऱ्यात, किंवा मुळीच नाहीत, असे दिसले तर आयोजकांना फोन करून सरळ विचारावे की प्रत्यक्ष वाजवणारे किती जण आहेत, कोणती वाद्ये आहेत आणि कोणता भाग आधी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवरून येणार आहे. ट्रॅक वापरणे ही फसवणूक आहे असे मी मानत नाही. वीस व्हायोलिनवादक प्रत्येक दौऱ्यावर नेणे कोणालाच परवडत नाही, आणि ड्रमवादकाच्या कानात लयीचा ठोका देऊन बाकीच्यांनी ट्रॅकबरोबर नेटके वाजवणे हेही कौशल्याचेच काम आहे. मुख्य आवाज मात्र त्या क्षणी गायलेला असलाच पाहिजे, आणि जे ट्रॅकवर आहे ते प्रत्यक्ष वाजणार असल्याचे जाहिरातीत भासवू नये. अनुकरण मन लावून केले तर ते कुठवर पोहोचते याचे उदाहरण म्हणजे ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवणारा, 1988 मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेडमध्ये सुरू झालेला ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’. 1996 मध्ये मूळ बँडचे गिटारवादक आणि गायक डेव्हिड गिलमोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, त्यांच्यासमोर, याच मंडळींनी वादन केले होते.

त्यानंतर व्हिडिओ पाहावेत, पण आयोजकांनी सजवलेले नव्हेत, कारण त्यांतला आवाज पुष्कळदा नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेला असतो. प्रेक्षकाने मोबाइलवर घेतलेले, शक्यतो अलीकडचे आणि त्याच संचाचे चित्रण शोधावे. त्यातही संथ गाणे निवडावे, कारण जलद गाण्यात तालवाद्यांच्या गर्दीत पुष्कळ काही झाकले जाते. ओळीच्या शेवटचा लांब सूर स्थिर राहतो का, श्वास शब्दाच्या मधेच तुटतो का, आणि वरच्या सुराची जागा आली की गायक दर वेळी माइक प्रेक्षकांकडे वळवतो का, हे ऐकावे. आपल्या गळ्यानुसार पट्टी थोडी उतरवून गाणारा गायक मला मूळ पट्टीत ओरडणाऱ्यापेक्षा केव्हाही प्रिय आहे.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. प्रेक्षागृहात जिथे ध्वनिसंयोजकाचा मिक्सर असतो त्याच्या आसपास बसावे, कारण तो स्वतःच्या कानांना जे ऐकू येते त्यावरूनच आवाज जुळवत असतो. पहिल्या रांगेच्या टोकाला एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो, तर सज्जाखाली अगदी मागे शब्द दबल्यासारखे येतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. त्यामुळे मोठ्या मैदानात रंगमंचापासून 34 मीटरांवर बसलेल्याला ड्रमवरची काठी आधी दिसते आणि आवाज एक दशांश सेकंदाने पोहोचतो. आवाज फार मोठा असेल तर कानात बोळे घालावेत. अशा ठिकाणी 15 मिनिटांची सरासरी पातळी 100 डेसिबलपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सुचवले आहे.

कार्यक्रम सुरू झाल्यावर दोन-तीन गाणी धीर धरावा. साउंड चेक रिकाम्या सभागृहात झालेला असतो आणि माणसे येऊन बसली की तीच जागा वेगळी वाजू लागते. त्यानंतरही शब्द ऐकू येत नसतील तर दोन गाण्यांच्या मधे स्वयंसेवकाला नेमके सांगावे: “डावीकडे मागच्या रांगांत गायिकेचा आवाज पोहोचत नाही.” नुसते “आवाज खराब आहे” म्हटले तर काय बदलायचे ते कोणालाच कळत नाही.

तक्रार करायचीच असेल तर जाहिरातीची प्रत आणि रंगमंचाचे एक छायाचित्र जोडून त्याच रात्री लिहावी. आपल्याला काय आवडले नाही हे बाजूला ठेवून, काय कबूल केले होते आणि काय मिळाले, एवढेच मांडावे. मी बारा आणि चार हे दोन आकडे लिहिले होते. आठवड्याभरात अर्धे पैसे परत आले. त्याच पत्रात मी हेही लिहिले होते की गायिका मनापासून गायली आणि पुढच्या जाहिरातीत तिचे व त्या चौघांचे नाव ठळक छापावे.