सनरूफ गळतंय? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

मृग लागला की बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या गाळ्यावर दोन तऱ्हेची गिऱ्हाईकं येतात, वायपरवाली आणि सनरूफवाली. वायपरवाली दहा मिनिटांत मोकळी होतात. सनरूफवाल्यांच्या गाडीचं दार उघडलं की आधी ओल्या गोणपाटाचा वास येतो. मग मालक म्हणतो, "मिस्त्री, छतातनं पाणी येऊलालंय बघा." पुढचं वाक्य मला पाठ आहे: "मी सिलिकॉन मारून बघितलं, पण..."

तर आधी सिलिकॉनबद्दलच बोलू. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवायला नसतंच मुळी. थोडं पाणी आत उतरणार, हे गाडी बनवणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं. काचेखाली चौफेर एक पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांना नळ्या. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेशेजारच्या पिलरमधून उतरून दाराच्या बिजागरीपाशी किंवा मडगार्डच्या आत सुटतात. मागच्या दोन मागच्या चाकाच्या वरच्या अंगाला नाहीतर बंपरच्या मागे. आपल्याकडच्या कौलारू घराचीच रीत. पन्हाळ तुंबली म्हणून कुणी कौलांवर डांबर ओततं का? पण सनरूफच्या बाबतीत शिकलेली माणसंसुद्धा नेमकं तेच करतात.

सिलिकॉन भरल्यावर चार दिवस बरं वाटतं. मग खानापूर रस्त्यावरचे खड्डे, चोर्ला घाटाची वळणं, गाडीचं छत पिळवटतं आणि तो थर एका जागी केसाएवढा सुटतो. पाणी तिथून आत, आणि खाली नळी तुंबलेली ती तुंबलेलीच. त्यात घरातलं पोरगं बटण दाबतं. काच चिकटलेली, मोटर ओढतेय, रबर फाटतं नाहीतर काच सरकवणारी केबल दात सोडते. मग मी अर्धा दिवस प्लॅस्टिकच्या पट्टीनं ते खरवडत बसायचं आणि मालकानं विचारायचं, "एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" खरवडायचेच पैसे आहेत ते. जुन्या गाडीचं मूळ रबर सहज मिळत नाही, त्यामुळे जे आहे ते जपा.

दुसरी चूक कंप्रेसरची. ही मी स्वतः केलेली आहे, म्हणून नीट सांगतो.

गाळा नवा होता. जांबोटीकडचे एक मास्तर जुनी सेडान घेऊन आले, पुण्याहून सेकंड-हँड घेतलेली. डाव्या बाजूला पायाखाली ओल, छताच्या कोपऱ्यात चहासारखा डाग. नळी तुंबली आहे हे मी बरोबर ओळखलं. पण घाई अंगात. कंप्रेसरची गन वरच्या भोकाला लावली आणि दाबली. फस्स! हाताला एकदम मोकळं लागलं. "झालं मास्तर." पैसे घेतले.

चौथ्या दिवशी मास्तर परत. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, कणकुंबी-जांबोटीला लागला की थांबायचं नाव नाही. कार्पेट दाबलं तर बोटं बुडाली. सेंट्रल लॉक आपोआप उघड-बंद होत होतं, कारण कार्पेटखालच्या कनेक्टरपर्यंत पाणी पोचलं होतं. पिलरचं कव्हर काढलं आणि बघतो तर नळी पन्हाळीच्या तोटीवरून निसटून लोंबतेय. वर्षानुवर्षं ऊन खाऊन कडक झालेली ती नळी, माझ्या हवेच्या दाबानं सुटली होती. मला जे मोकळं लागलं ते हेच. पन्हाळीतलं सगळं पाणी थेट पिलरमध्ये. मास्तर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आधी निदान थेंब थेंब तरी येत होतं हो." ऐन पावसाळ्यात ते कार्पेट पंख्याखाली वाळायला तीन दिवस लागले. पैसे घेतले नाहीत, घेण्यासारखं तोंडच नव्हतं.

तेव्हापासून वरनं हवा नाही. गवत कापायच्या मशीनची दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी घेतो, तिचं टोक लायटरनं वितळवून गोल करतो आणि फिरवत फिरवत सोडतो. अडली तर मागे घेतो, परत फिरवतो. ब्रेकची केबल किंवा तार घालू नका, कडक टोक नळीला भोक पाडतं. ही दोरी म्हणजे काही कंपनीचं टूल नव्हे, माझी सवय आहे, पण अजून नळी फाडलेली नाही.

नळी साफ झाली हे कशावरून? चहाच्या पेल्यानं. एक पेला पाणी एका कोपऱ्यात सावकाश ओतायचं, खाली पोऱ्या बसवायचा. तो "आलं" म्हणाला की पुढचा कोपरा. पाणी वर नाहीसं झालं पण खाली आलंच नाही, तर लगेच थांबा: नळी आत कुठेतरी सुटली किंवा फाटली आहे. नवशिके इथेच पाइप लावून पाणी सोडतात आणि मग गाडी आतनं धुऊन निघते.

पिलरचं कव्हर उचकटायचं असेल तर ज्या गाडीत पडदा एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) आहे, तिथे ती त्याच वाटेनं गेलेली असते. आधी बॅटरी सोडा, थोडा वेळ थांबा. जमत नसेल तर हात लावू नका.

काही नळ्यांच्या खालच्या टोकाला चोचीसारखं रबर असतं. त्यात चिखल बसतो. बोटांनी चिमटलं की मोकळं होतं. पोरं ते कापूनच टाकतात, मग खालून धूळ आणि किडे आत.

कॅम्पातल्या गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनो, त्याची ती बारीक पानं पन्हाळीत जाऊन चहाच्या चोथ्यासारखी बसतात. गाडी महिनाभर उभी असेल तर कुंभारीण माशी खालचं तोंड मातीनं लिंपते. हे मी दोनदा काढलंय.

रबराला इंजिनचं ग्रीस नको, खोबरेल तर मुळीच नको. ओल्या फडक्यानं पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. (सिलिकॉन ग्रीस. ट्यूबमधलं चिकटवायचं सिलिकॉन नव्हे. हा घोळ घालणारेही भेटलेत.)

वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची गन काचेच्या कडेवर धरू देऊ नका.

आणि प्रत्येक ओल सनरूफची नसते. ऊन असताना, एसी लावल्यावरच पायाखाली पाणी येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी बघा. पाऊस पडूनही छताचं कापड कोरडंच असेल तर पुढच्या काचेचं किंवा दाराचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरपट्टी, हेही तपासा. गाडी उतारावर तोंड खाली करून लावता का, हेही मी विचारतो, कारण मग सगळं पाणी पुढच्याच दोन नळ्यांवर येतं.

गळती थांबली तरी काम संपत नाही. लोक फूटमॅट उन्हात टाकतात आणि समाधान मानतात. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. वर कोरडं, खाली पत्रा गंजतोय. अंगठ्यानं जोरात दाबा. गार लागलं तर सीट काढून कार्पेट उचला, त्याला दुसरा इलाज नाही.

मास्तर दर वर्षी मेच्या शेवटी येतात. गाडी अजून तीच. आता पेला तेच मागून घेतात, स्वतः कोपऱ्यात ओततात, आणि खाली उकिडवं बसून "आलं" म्हणायचं काम माझ्याकडे.