कुंडात काळे पडलेले पैंजण घरीच उजळा

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी किंवा पालीजवळचं उन्हेरे, कुठल्याही गरम कुंडात गंधकाचा वास येत असेल तर चांदी काळवंडणार. जोडवी-पैंजण मुंबईहून निघतानाच काढून ठेवा. कुंडाच्या काठावर नको; गरम पाण्याने बोटं सुजली की जोडवी निघत नाहीत.

राहिलंच, तर सराफाकडे धावू नका. स्टीलच्या भांड्यात तळाला पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा. त्यावर दागिना ठेवा, तो फॉइलला टेकलाच पाहिजे. इथेच बहुतेकांचं चुकतं. लिटरभर उकळत्या पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा आणि छोटा चमचा मीठ घालून ते हळूहळू ओता, फेस वर येतो. पाचेक मिनिटं थांबा. सडक्या अंड्यासारखा वास सुटला की काम होतंय समजा (खिडकी उघडा). मध्ये एकदा पलटा, नंतर धुऊन सुती कपड्याने पुसा. घुंगरांच्या आतला काळेपणा मात्र थोडा राहतोच.

मोती, खडे, मीनाकारी किंवा मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड चांदी यात अजिबात टाकू नका.